मुलाला मानसोपचारासाठी किंवा व्यसनमुक्तीसाठी दाखल करायचंय, पैशांचं काय? पहिल्यांदाच या फेऱ्यात पडलेल्या आईवडिलांसाठी

बहुतेक आईवडिलांचा पहिला प्रश्न असतो, "चांगलं सेंटर कुठलं?" आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, "साधारण किती लागतील?" घरात आठवडाभर कुणी झोपलेलं नसतं, शाळेतून फोन आलेला असतो, आणि नातेवाइकांपैकी कुणीतरी एका जागेचा नंबर दिलेला असतो. त्या जागेनं फोनवरच सांगितलेलं असतं की आज पैसे भरलेत तर उद्या गाडी पाठवतो. इथे थांबा. मुलाच्या जिवाला आत्ता धोका वाटत असेल तर जवळच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जा, बाकी सगळं नंतर. पण तसं नसेल, तर पैसे भरण्याआधी चार दिवस कागदपत्रांवर घालवलेत तर पुढचे काही महिने सुसह्य होतात.

हे मार्गदर्शन महाराष्ट्रातल्या कुटुंबांसाठी आहे आणि मूल अठराच्या आतलं आहे असं धरून लिहिलं आहे. वयाचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण कायदा आणि खर्च दोन्ही त्यावर बदलतात.

पायरी १: मुलाला नेमकं काय झालंय, ते आधी कागदावर येऊ द्या

"बिघडलाय" हे निदान नव्हे. नैराश्य, सायकोसिस (भ्रम आणि भास होणं), खाण्याचे विकार, गांजाचं किंवा दारूचं व्यसन, मोबाइलपायी तुटलेली झोप आणि शाळा, ही सगळी घरात जवळजवळ सारखीच दिसतात: दार बंद, आरडाओरडा, चोरी, पळून जाणं. पण यातल्या प्रत्येकाचे पैसे वेगळ्या खिशातून येतात. विमा एकाला देतो, दुसऱ्याला देत नाही. सरकारी अनुदानाची केंद्रं एकासाठी आहेत, दुसऱ्यासाठी नाहीत.

म्हणून आधी मानसोपचारतज्ज्ञांची ओपीडी गाठा. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे, पुण्यात ससून, इतर ठिकाणी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय नाहीतर जिल्हा रुग्णालय. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या जिल्हा, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. मूल यायलाच तयार नसेल तर १४४१६ वर टेलिमानसला फोन करा. सेवा मोफत आहे, मराठीत बोलता येतं आणि आईवडिलांनी एकट्यानं बोललेलंही चालतं.

डॉक्टरांना एकच गोष्ट स्पष्ट विचारा: "याला खरंच दाखल करायची गरज आहे का, की ओपीडीवर भागेल?" पुष्कळदा भागतं. घरी राहून आठवड्याला एकदा काउन्सेलिंग, औषधं आणि घरच्यांची दोन-तीन सत्रं याचा खर्च दाखल करण्याच्या एका आठवड्याच्या खर्चात महिनोन् महिने निघतो. दाखल करणं हा मोठा, म्हणून जास्त गुणकारी उपचार, अशी समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. तिच्यावर फार पैसा वाया जातो.

पायरी २: कायद्यातलं कलम ८७ वाचा, कारण तुमचा अर्धा खर्च तिथे दडला आहे

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. अठराच्या आतल्या मुलाला दाखल करण्याचे नियम त्याच्या कलम ८७ मध्ये आहेत. थोडक्यात असे:

दाखल करण्याचा अर्ज पालकाचा लागतो. दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, किंवा एक मानसोपचारतज्ज्ञ आणि एक दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर यांनी, मुलाला स्वतंत्रपणे तपासायचं असतं. ही तपासणी दाखल करण्याच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत झालेली हवी. दाखल केल्याशिवाय भागणार नाही, असं दोघांचंही मत पडलं पाहिजे. मुलाला मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवावं लागतं. दाखल केल्यावर ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावं लागतं, आणि मुक्काम तीस दिवसांच्या पुढे गेला तर मंडळाला पुन्हा कळवून त्यांच्याकडून आढावा घ्यावा लागतो.

आणि सर्वांत महत्त्वाचं: पालक किंवा त्यांनी नेमलेला सोबती मुक्कामभर मुलासोबत राहतो. मुलगी असेल आणि पालक पुरुष असेल तर सोबत बाई हवी.

हे वाक्य खर्चाच्या दृष्टीनं वाचा. एक मोठं माणूस तीन-चार आठवडे कामावर जाणार नाही. त्याचं खाणं, अंथरूण, घरी असलेल्या दुसऱ्या मुलाची सोय, आजीला गावाहून आणायचा प्रवास. रोजंदारीवरच्या किंवा दुकान चालवणाऱ्या घरात हा आकडा हॉस्पिटलच्या बिलाच्या जवळपास जातो, आणि तो कुठल्याच अंदाजपत्रकात लिहिलेला नसतो. नोकरदारानं रजेचा हिशेब आधी मांडावा: अर्जित किती शिल्लक, बिनपगारी किती करावी लागेल, आई आणि वडील आठवडे वाटून घेऊ शकतात का.

याच कलमाचा दुसरा उपयोग चाळणीसारखा होतो. "पालकांनी तीन महिने भेटायचं नाही, फोनही नाही, मूल आमच्या ताब्यात" असं म्हणणारी जागा या कायद्याच्या चौकटीत बसत नाही. मग तिथे घोडेस्वारी शिकवत असोत की योग. ती स्वस्त असो वा महाग, पैसे भरू नका.

पायरी ३: नोंदणी विचारा, मग लेखी अंदाजपत्रक

मानसिक आजाराच्या रुग्णांना दाखल करणाऱ्या संस्थेला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. व्यसनमुक्ती केंद्रंही त्यात आली. प्रमाणपत्राची प्रत मागा. चांगल्या ठिकाणी ते स्वागतकक्षाच्या भिंतीवरच लावलेलं असतं. टाळाटाळ झाली की उठा. पुढे विम्याचा दावा करताना हाच कागद पुन्हा लागतो, त्यामुळे आत्ताच फोटो काढून ठेवा.

आता अंदाजपत्रक. तोंडी आकडा म्हणजे आकडाच नव्हे. बिलिंगच्या खिडकीवर सांगतात, "दिवसाला साडेचार हजार, सगळं धरून." या "सगळं धरून"मध्ये काय आहे ते एकेक करून लिहून घ्या. समजण्यापुरता हिशेब मांडू: ३० दिवसांचे ४,५०० प्रमाणे १,३५,००० झाले. सोबत्याची खाट आणि जेवण वेगळं, दिवसाला ६०० धरले तर १८,०००. सायकॉलॉजिस्टची सत्रं पॅकेजमध्ये आठवड्याला एकच, डॉक्टर म्हणतात तीन हवीत. जादा आठ सत्रं, प्रत्येकी १,५००, म्हणजे १२,०००. रक्त-लघवीच्या तपासण्या आणि औषधं १५,०००. एकूण १,८०,०००. साडेचार हजाराचा दिवस सहा हजाराला पडला, आणि कुणी खोटंही बोललेलं नाही.

खिडकीवरच्या माणसाला हे प्रश्न विचारायला संकोचू नका:

"अनामत किती आणि ती कधी, किती दिवसांत परत?" "मूल दहाव्या दिवशीच घरी नेलं तर उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळतात का? तसं लिहून द्याल?" "डॉक्टरांची व्हिजिट रोज लावता की आठवड्याला?" "मूल शारीरिक आजारानं दुसऱ्या हॉस्पिटलला हलवावं लागलं तर इथली खोली चालू धरणार का?"

खोलीचं भाडं दिवसाला ५,००० च्या वर असेल तर, आयसीयू सोडून, त्यावर ५ टक्के जीएसटी लागतो. खोली त्या रेषेच्या खाली घेतली की तेवढे वाचले. आणि कुणी तीन लाख रोख मागितले तर नाही म्हणा. एका व्यवहारापोटी दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्यानंच मनाई आहे. चेक, एनईएफटी किंवा यूपीआय, आणि प्रत्येक वेळी शिक्का मारलेली पावती. पूर्ण मुक्कामाचे पैसे आगाऊ कधीच देऊ नका. दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला भरायचं ठरवा.

पायरी ४: विमा

इथे जरा रेंगाळायला हवं, कारण हक्काचे पैसे लोक इथेच सोडून देतात. एजंट म्हणतो, "मानसिक आजाराला क्लेम नसतो हो." हे जुनं झालं. त्याच २०१७ च्या कायद्याचं कलम २१ सांगतं की शारीरिक आजाराला ज्या आधारावर विमा मिळतो त्याच आधारावर मानसिक आजारालाही मिळाला पाहिजे. विमा नियामक आयआरडीएआयनं ऑगस्ट २०१८ मध्ये कंपन्यांना तसं कळवलं. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं. एकूण विमा ३५ लाखांचा, पण मानसिक आजारासाठी ५०,००० चीच मर्यादा लावलेली. न्यायालयानं ती मर्यादा मान्य केली नाही.

तरीही पॉलिसी उघडून चार गोष्टी स्वतः वाचाच.

एक, प्रतीक्षा कालावधी. पॉलिसी घेण्याआधीपासून असलेल्या आजारासाठी तो जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो. मुलाची ट्रीटमेंट पॉलिसीच्या आधीपासून चालू होती आणि फॉर्मवर लिहिलं नव्हतं, तर दावा अडकतो. नोकरीच्या ठिकाणच्या ग्रुप पॉलिसीत हा कालावधी बहुधा नसतो, म्हणून आधी ती पाहा. मोठ्या कंपन्यांत ग्रुप पॉलिसीबरोबर 'कॉर्पोरेट बफर' नावाची जादा रक्कम असते. विम्याची मर्यादा संपली की एचआरच्या शिफारशीनं ती वापरता येते. कुणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

दोन, व्यसनाचं कलम. आरोग्य पॉलिसीत 'एक्सक्लूजन १२' या सांकेतिक क्रमांकाखाली दारू, अमली पदार्थ किंवा कुठल्याही व्यसनाच्या उपचाराला नकार लिहिलेला असतो. गंमत अशी की मानसिक आरोग्य कायद्याच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनातून आलेल्या मानसिक अवस्था स्पष्टपणे धरलेल्या आहेत. कायदा एक म्हणतो, पॉलिसी दुसरं. ही ओढाताण तुमच्या मुलाच्या डिस्चार्ज कार्डावर येऊन बसते. पुष्कळ मुलांना आधी नैराश्य असतं आणि गांजा मागाहून येतो. डॉक्टरांनी फक्त 'कॅनाबिस युज' (गांजाचा वापर) एवढंच लिहिलं, निदानाचा कोड एफ-१२ घातला, तर दावा तिथेच संपला. नैराश्य असेल तर तेही निदान म्हणून, त्याच्या एफ-३२ या कोडसकट, कार्डावर यायला हवं. डॉक्टरांना खोटं लिहायला सांगायचं नाही, ते अंगाशी येतं. पण जे खरं आहे ते पूर्ण लिहा, एवढं म्हणायचा अधिकार तुम्हाला आहे. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी मसुदा वाचायला मागा.

तीन, 'हॉस्पिटल' कशाला म्हणायचं. पॉलिसीतली व्याख्या खाटांची किमान संख्या, चोवीस तास नर्स आणि डॉक्टर अशा अटी घालते: दहा लाखांच्या आतल्या गावात १० खाटा, मोठ्या शहरात १५. शिवाय 'एक्सक्लूजन ५' मध्ये विश्रांती आणि पुनर्वसन वगळलेलं असतं. म्हणजे हॉस्पिटलच्या वॉर्डातले पहिले तीन आठवडे मिळतील, त्यानंतर पुनर्वसन केंद्रातले दोन महिने बहुधा नाहीत. हे माहीत असेल तर मुक्कामाची आखणी तशी करता येते.

चार, खोलीच्या भाड्याची मर्यादा. ती विम्याच्या रकमेच्या एक टक्का असेल तर तीन लाखांच्या पॉलिसीत दिवसाला ३,००० ची खोली. तुम्ही ४,५०० ची घेतली तर कंपनी फक्त दीड हजाराचा फरक कापत नाही. डॉक्टरांची फी, नर्सिंग असे संलग्न खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे दोन-तृतीयांशच देते. औषधं त्यातून सुटतात. मुलासाठी एसी खोली घेताना हे आठवावं.

कामाची रीत अशी. ठरवून दाखल करत असाल तर ४८ तास आधी विमा कंपनीला किंवा टीपीएला (कंपनीच्या वतीनं दावे हाताळणाऱ्या संस्थेला) कळवा, तातडीचं असेल तर २४ तासांत. कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीनं एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यायचा, असा आयआरडीएआयचा मे २०२४ चा आदेश आहे. काउंटरवर "कंपनीचं अजून आलं नाही" ऐकत संध्याकाळ झाली की या आदेशाचा उल्लेख करून कंपनीला ईमेल टाका. कॅशलेस नाकारलं म्हणजे दावा नाकारला असं नव्हे, पैसे भरून परतावा मागता येतो. त्यासाठी लागतात: दाखल करतानाच्या नोंदी, दोन्ही डॉक्टरांचे तपासणी अहवाल, दिवसवार बिल, चिठ्ठीसकट औषधांची बिलं, आयपीडी पेपर (वॉर्डातल्या रोजच्या नोंदी), डिस्चार्ज कार्ड आणि हॉस्पिटलचं नोंदणी प्रमाणपत्र. पोलिसांत एमएलसी (रुग्णालयानं पोलिसांना कळवायची नोंद) झाली असेल तर तिचीही प्रत. आत्महत्येच्या प्रयत्नामुळे तसं झालं असेल तर घाबरू नका. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच कायदा गृहीत धरतो आणि खटल्यापासून तिला संरक्षण देतो.

बहुतेक पॉलिसींत दाखल होण्याआधीचा साधारण ३० आणि नंतरचा ६० दिवसांचा खर्च धरतात. त्या साठ दिवसांतली औषधं, डॉक्टरांच्या फेऱ्या आणि चिठ्ठीवर लिहून दिलेली काउन्सेलिंगची सत्रं यांची बिलं जपून ठेवा. हे पैसे मागायचे राहूनच जातात.

दावा नाकारला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, मग आयआरडीएआयच्या बिमा भरोसा पोर्टलवर. महिन्याभरात उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद ते ऐकतात. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत जायचं.

पायरी ५: सरकारी आणि धर्मादाय मार्ग

खासगीत दीड-दोन लाख घालवून, ते संपल्यावर सरकारी रुग्णालयात आलेली कुटुंबं सगळ्याच वॉर्डांत दिसतात. उलटं केलं असतं तर पैसे उरले असते. वैद्यकीय महाविद्यालयांच्या मानसोपचार विभागात उपचार करणारे डॉक्टर शिकवणारे असतात. फरक असतो तो खोलीत, गर्दीत आणि वाट पाहण्यात. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं मोठ्या आजारांसाठी आहेत. तिथे जाण्याआधी अठराच्या आतल्यांसाठी वेगळी सोय आहे का, हे फोन करून विचारा. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना सरकारी किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत मोफत उपचार हा त्याच कायद्याच्या कलम १८ नं दिलेला हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत आता एकत्र चालतात. १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. आयुष्मानच्या यादीत मानसिक आजारांची पॅकेजेस आहेत. पण रुग्णालय नुसतं अंगीकृत (योजनेत सामील) असून भागत नाही, ते या विषयासाठी अंगीकृत हवं. प्रत्येक अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल असतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन थेट त्याच्याकडे जा, डॉक्टरांकडे नंतर.

व्यसन हा मुख्य प्रश्न असेल तर १४४४६ ही केंद्र सरकारची हेल्पलाइन आहे. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर चालणारी व्यसनमुक्ती केंद्रं आणि सरकारी रुग्णालयांतले व्यसनोपचार कक्ष कुठे आहेत ते तिथे कळतं. मुलाचं वय आधी सांगा, कारण मोठ्यांच्या केंद्रात किशोरवयीन मुलाला ठेवणं योग्यही नाही आणि नियमातही बसत नाही.

मग धर्मादाय रुग्णालयं. नाव मोठं, इमारत चकचकीत, म्हणून लोक आत पाऊलच टाकत नाहीत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी ते बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १,८०,००० पर्यंत असेल तर निर्धन, ३,६०,००० पर्यंत असेल तर दुर्बल घटक. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवकांना भेटा. बिलिंगवाल्यांना नव्हे. "ताई, आमचा मुलगा चॅरिटी बेडमध्ये बसतो का बघाल?" एवढं सरळ विचारा. त्या दिवशी खाटा भरलेल्या असतील तर तसं लिहून मागा. लिहून मागितलं की खाटा मोकळ्या होतात, असा अनुभव नवा नाही. नाहीच झालं तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते.

महिन्याचा पगार २१,००० च्या आत आणि ईएसआयचं (कामगार राज्य विम्याचं) कार्ड असेल तर मूल त्यात आपोआप येतं. सरकारी नोकरीत असाल तर प्रतिपूर्तीसाठी कुठले आजार आणि कुठली रुग्णालयं मान्य आहेत, ते दाखल करण्याआधी आस्थापना शाखेत विचारा. डिस्चार्जनंतर विचारून उपयोग नसतो.

मुलाला बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असेल तर नॅशनल ट्रस्टची निरामय ही आरोग्य विमा योजना पाहा, वर्षाला एक लाखापर्यंत. नुसत्या मानसिक आजाराला ती लागू नाही.

पायरी ६: उरलेला खड्डा कसा भरायचा

क्रम असा ठेवा. आधी पीएफ: कुटुंबातल्या आजारपणासाठी त्यातून रक्कम काढता येते, ती परत भरायची नसते आणि व्याजही नसतं. मग एलआयसीच्या पॉलिसीवरचं कर्ज. मग सोनं तारण, बँकेत किंवा ओळखीच्या पतसंस्थेत. वैयक्तिक कर्ज त्यानंतर. क्रेडिट कार्डचा ईएमआय आणि मोबाइलवरची झटपट कर्ज देणारी ॲप या यादीत नकोतच. भिशी चालू असेल तर या महिन्याची उचल मागायला लाजू नका. कारण सांगायची गरज नाही, "घरात आजारपण आहे" एवढं पुरे.

ऑनलाइन देणग्या गोळा करायच्या जागांबद्दल माझं मत कडक आहे. कॅन्सरच्या मुलाचा फोटो टाकणं वेगळं. चौदा वर्षांच्या मुलीचं नाव, चेहरा आणि आजार इंटरनेटवर टाकलात तर ती पंचवीस वर्षांची झाल्यावरही तो तिथेच असेल, स्थळ बघायला आलेल्या माणसांच्या मोबाइलमध्येसुद्धा. मदत मागायचीच तर दहा माणसांना फोन करून मागा.

आईवडील वेगळे राहत असतील, तर पोटगीच्या दाव्यात उपचाराचा खर्च वेगळा मागता येतो. मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा.

कराबद्दल फार आशा ठेवू नका. ८०डी मध्ये विम्याचा हप्ता येतो, मुलाच्या हॉस्पिटलचं बिल येत नाही. आजार लांबला आणि सरकारी मंडळानं ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र दिलं, तर ८०डीडीखाली ७५,००० ची, ८० टक्क्यांच्या पुढे १,२५,००० ची वजावट मिळते. तीही जुनी करप्रणाली निवडलेल्यांनाच.

पायरी ७: एकूण रकमेतला तिसरा हिस्सा बाजूला काढा, मगच दाखल करा

हे शेवटी लिहिलं असलं तरी करायचं पहिल्यांदा आहे. तुमच्याकडे दीड लाख असतील तर उपचाराचं बजेट एक लाख समजा. उरलेले पन्नास हजार वेगळ्या खात्यात टाका आणि मूल घरी येईपर्यंत विसरून जा. दाखल केल्यानं वादळ शांत होतं, पण मूल घरी येतं ते त्याच खोलीत, त्याच मित्रांत आणि त्याच शाळेत. पुढचं वर्षभर औषधं, महिन्यातून दोनदा काउन्सेलर, घरच्यांची सत्रं, आणि मध्येच एखादी घसरण झाली तर चार दिवस पुन्हा दाखल, याला पैसे लागतात. तेव्हा हात रिकामे असले की औषधं बंद होतात, आणि पहिले लाख रुपयेही पाण्यात जातात. महागडं केंद्र आणि नंतर काहीच नाही, यापेक्षा साधा वॉर्ड आणि वर्षभराचा पाठपुरावा मी केव्हाही निवडीन.

डिस्चार्ज होताना पुढची योजना रुग्णालयानं आखून द्यायची असते. कायद्यात ती आहे, कलम ९८. ती लेखी घ्या: औषधांची नावं आणि मात्रा, पुढची तारीख, कुठल्या खुणा दिसल्या तर कुणाला फोन करायचा. औषधं जेनेरिक मिळतील का हेही तिथेच विचारा आणि चिठ्ठीवर मूळ घटकाचं नाव लिहून घ्या, म्हणजे जनऔषधी केंद्रात दाखवता येईल. महिन्याच्या बिलात मोठा फरक पडतो. मुलाच्या केसपेपरच्या प्रती मागणं हाही हक्क आहे. दुसऱ्या डॉक्टरांकडे जावं लागलं तर सगळ्या तपासण्या पुन्हा करायचा खर्च वाचतो.

शाळेचं काय, हा प्रश्न पैशांचाही आहे. वर्ष बुडणार असेल तर खासगी क्लासची पुढची फी भरू नका आणि भरलेली परत मागा. शाळेशी मुख्याध्यापकांच्या पातळीवर बोला. वैद्यकीय प्रमाणपत्रावर आजाराचं नाव न घालता 'वैद्यकीय विश्रांती' लिहून देता येतं. दहावी-बारावी असेल तर राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म (बाहेरून परीक्षेला बसण्याचा) किंवा एनआयओएस (राष्ट्रीय मुक्त शाळा) हे रस्ते आहेत, दोन्ही नेहमीच्या क्लासच्या फीपेक्षा स्वस्त.

एक फाइल करा. पहिल्या कप्प्यात नोंदणी प्रमाणपत्र आणि अंदाजपत्रक, दुसऱ्यात पावत्या तारखेनुसार, तिसऱ्यात डॉक्टरांचे कागद, चौथ्यात विमा कंपनीचे ईमेल छापून. प्रत्येक फोनची तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव आतल्या पुठ्ठ्यावर पेनानं लिहा. फाइल सोबत राहणाऱ्या माणसाच्या पिशवीत नको, घरी राहणाऱ्याकडे ठेवा. वॉर्डात कागद हरवतात, आणि काउंटरवर धावपळ करायची असते ती घरच्या माणसाला.